घरमालकाची फेरी, पण कळवून

रविवारी सकाळी बेल वाजते. दारात घरमालक: ‘सहज बघायला आलो होतो!’ पुण्या-मुंबईच्या भाडेकरूंना हा प्रसंग नवा नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार मालकाला जागेची पाहणी करता येते; मात्र आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही हेच लागू. ‘वाजवी’ म्हणजे किती वाजता, हे कलम सांगत नाही. खरी मेख इथेच.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचनेची अट आहे. आग, पूर अशा आणीबाणीत सूट. पण तो निव्वळ नमुना, राज्याने स्वीकारला तरच लागू. तेव्हा सही करण्याआधी ही २४ तासांची अट करारातच घालून घ्या.