झाकण किती उघडायचं?

संपादकांना हवा होता मिरजेच्या सतारीवरचा लेख. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिथल्या सतार करणाऱ्यांच्या गल्लीत पत्रकारांचा राबता आहेच. मीही गेले, टांगलेले भोपळे पाहिले. निघताना एक कारागीर सहज म्हणाला, सांगलीच्या गावभागात एक मिस्त्री अजून फणेरपेट्या करतात. सतारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, असं स्वतःला समजावत मी सांगलीची एसटी धरली.

फणेरपेटी म्हणजे आज्या-पणज्यांची शृंगारपेटी. खाली कप्पे, त्यांत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ, फणी. झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा. आता मेण-कुंकू गेलं आणि त्या कप्प्यांत ठुशी, चिंचपेटी, बुगड्या आल्या. या मुलखात दागिन्यांच्या पेटीला गिऱ्हाईक नाही असं होणं कठीण. गाडगीळांची सराफी पेढी १८३२ साली सांगलीतच सुरू झाली. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पसरलेली. मिस्त्रींची गिऱ्हाइकं वाईपासून जतपर्यंतची आहेत. “माझं नाव नका छापू,” ते आधीच म्हणाले, “पेटीचं छापा.”

पेटी पाडलेल्या वाड्यांच्या सागवानाची. रंध्याखालून निघालेल्या फळीला वास येत होता, कोपऱ्याचे सांधे केस शिरणार नाही असे. पण मला त्यांनी दाखवला तो एक खण, नुसत्या बिजागऱ्यांनी भरलेला. “फळी कुणीबी जोडतंय ताई. पेटी मरती ती हितनं.”

खणात दोन ढीग होते. एक घेतलेला, एक नाकारलेला. दुकानात पितळी म्हणून मिळते ती बिजागरी बहुतेक वेळा लोखंडाची, वरून मुलामा. मिस्त्रींच्या खिशात त्यासाठी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक असतो. बिजागरीच्या पानांना तो चिकटला नाही म्हणून ते खूश होत नाहीत. चुंबक मधल्या नळीवरून सावकाश फिरवतात, कारण पानं अस्सल पितळेची आणि आतली पिन लोखंडी असा माल सर्रास येतो. मग एक पान चिमटीत धरून दुसरं हलवायचं. खडखडली की नाकारलेल्या ढिगात. पिन सैल असली तर झाकण हळूहळू एका बाजूला सरकतं, आणि या झाकणात नुसतं लाकूड नसतं. चार मिलिमीटर जाडीचा वीस बाय पंचवीस सेंटीमीटरचा आरसा अर्धा किलो भरतो. हे सगळं वजन झाकण उघडताना सहा-आठ बारीक स्क्रूंवर येतं.

खरी मेख पुढे आहे. पेटी जमिनीवर, बाई पाटावर, म्हणजे डोळे आरशाच्या वर. आरसा सरळ उभा राहिला तर तिला स्वतःचा गळा दिसेल. चेहरा दिसायला तो थोडा मागे रेलला पाहिजे. रेलला पाहिजे आणि तिथेच थांबलाही पाहिजे. बाजारच्या पेट्यांत हे काम बारीक साखळी करते. मिस्त्री साखळी लावत नाहीत. ते बिजागरीची पिन पेटीच्या मागच्या कडेपासून किंचित आत बसवतात आणि पिनेच्या मागे उरलेली झाकणाची आणि पेटीची कड रंध्याने तिरपी तासतात. झाकण उघडत जातं, दोन्ही तिरप्या कडा एकमेकींवर टेकतात आणि झाकण थांबतं. दोन्ही कडा पंचेचाळीस अंशांत तासल्या तर झाकण काटकोनात उभं राहील. मिस्त्री पन्नास अंश घेतात. दोन्ही मिळून शंभर, म्हणजे आरसा दहा अंश मागे. कोनमापक कुठे दिसला नाही; जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा कापलेला एक त्रिकोण खिळ्याला लटकत होता. वजन बरंचसं लाकडावर लाकूड टेकून पेललं जातं, स्क्रूला ओढ कमी बसते. इतकं साधं आणि इतकं चोख काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

बिजागरी बसते त्या खाचेचंही तसंच. पटाशी जरा खोल गेली की झाकण मागे दाटतं आणि पुढून फट सोडतं. उथळ राहिली की फट मागे. पितळी स्क्रू मऊ, सागवानात थेट पिळला तर त्याची मान तुटते. म्हणून आधी गिरमिटाने भोक, मग त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा आणि पितळीला मेण लावून बसवायचं. प्रत्येक पानाला आधी एकच स्क्रू, झाकण लावून-उघडून बघायचं, मग बाकीचे.

एवढं करूनही पाऊस आहेच. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. वीस सेंटीमीटरचं अखंड फळीचं झाकण उन्हाळा ते पावसाळा दोनेक मिलिमीटर फुगू शकतं, आणि मागची बाजू बिजागरीने धरलेली असल्यामुळे ती सगळी वाढ पुढे येते. मग कडी कोयंड्यात बसत नाही. आटपाडीकडे दिलेल्या पेटीची तक्रार येत नाही, महाबळेश्वरची हमखास येते. चौकटीत सैल फळी बसवली की हे टळतं, पण गिऱ्हाइकाला अखंड फळीवरच्या रेघा हव्या असतात.

त्याहून वाईट २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर लोकांनी माळ्यावरच्या, कपाटातल्या पेट्या आणून दिल्या. सरस पाण्यात विरघळलेला, सांधे उकललेले, लोखंडी स्क्रूंचा गंज होऊन भोकं मोठी झालेली. पितळी बिजागऱ्या मात्र घासल्यावर पुन्हा चालू. ज्या भोकांत स्क्रू धरेना तिथे सागवानी खुंट्या ठोकून मिस्त्रींनी नव्याने भोकं पाडली. त्या कामाचे पैसे अनेकांकडून घेतले नाहीत, हे त्यांच्या सुनेने सांगितलं. ते त्यावर काही बोलले नाहीत.

शिकायला कुणी नाही. मुलगा एमआयडीसीत जातो, आणि पगाराचा हिशेब मांडला तर त्याला दोष देता येत नाही. लहान मापाची अस्सल पितळी बिजागरी सांगलीत मिळेनाशी झाली आहे. जामनगरहून मागवावी लागते आणि तिकडचा व्यापारी किरकोळ मागणीला दाद देत नाही. दिवाळीसाठी एका दुकानदाराने पन्नास पेट्या सांगितल्यात, मुलाम्याच्या बिजागऱ्या आणि साखळी लावून, म्हणजे कडा तासायचा वेळ वाचेल. मिस्त्रींनी बारा घेतल्या, आपल्या पद्धतीने करायच्या या बोलीवर. दुकानदार भावावर अडून आहे. सून म्हणते, पन्नासही घ्या, साखळीही लावा. बारा पेट्यांच्या फळ्या कापून ठेवल्यात. बिजागऱ्या अजून आलेल्या नाहीत.