इंदूरचा खतखड्डा

इंदूरला आलेला पाहुणा राजवाडा, सराफा आणि लालबाग पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. खान नदीच्या काठावरच्या लालबाग महालाचे काम १८८६ मध्ये सुरू झाले आणि १९२१ पर्यंत चालले. बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर घडवलेले लोखंडी फाटक, संगमरवरी दालने, झुंबरे, रंगवलेली छते, सगळेच बघण्यासारखे आहे. महालाभोवती जुन्या झाडांचा मोठा आवार आहे आणि पानगळीच्या दिवसांत तिथे पाचोळ्याचा खच पडतो. पाहुणे तो तुडवत फाटकाकडे जातात आणि फोटो काढतात.

पण इंदूरने जगाला जे दिले ते या पाचोळ्याच्या जास्त जवळचे आहे. महाल पूर्ण झाल्यावर पाच-सात वर्षांच्या आतच शहराच्या पूर्वेला, होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर काही खड्डे खणले गेले. प्रत्येक खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल. त्यांत शेण, पाला, तण आणि कपाशीच्या पऱ्हाट्या कुजवल्या गेल्या. त्या खड्ड्यांनी इंदूरचे नाव केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोचवले. आजही कृषीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात कंपोस्टचे प्रकरण उघडले की ‘इंदूर पद्धत’ सापडते. कचऱ्याची आणि त्याचे खत करणाऱ्या माणसांची या शहराने कशी कदर केली, कुठे केली नाही, ही गोष्ट महालाइतकीच सांगण्याजोगी आहे.

तिची सुरुवात मात्र खताने होत नाही, प्लेगने होते.

१९१७ च्या सुमारास पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार इंदूरच्या नगररचनेसाठी दरबाराच्या बोलावण्यावरून आले. इंदुरात प्लेग होता, गल्ल्यांत घाण साचलेली होती आणि टोपीवाला साहेब नकाशे घेऊन फिरताना दिसला की लोक धास्तावायचे. घर पाडायला आला, असेच त्यांना वाटे. गेडीस यांनी दरबाराकडे एक अजब मागणी केली: एका दिवसापुरते मला महाराज करा. मागणी मान्य झाली.

त्यांनी दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नव्हती. ज्या मोहल्ल्यातली घरे सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, जिथे झाडे लावलेली असतील, त्या वाटेने ती जाणार होती. घरातला, परसातला साचलेला कचरा दरबाराच्या गाड्या फुकट उचलून नेतील, असेही सांगितले गेले. पुढच्या काही आठवड्यांत इंदूरने जो कचरा बाहेर काढला त्याच्या हजारो गाड्या भरल्या. हुकूम काढून जे झाले नसते ते मिरवणूक आपल्या दारावरून जावी या ओढीने झाले.

मिरवणुकीत आधी नेहमीचा थाट होता: हत्ती, घोडे, उंट, स्वार. मग सूर बदलला. रडवे संगीत, पडक्या घरांचे देखावे, रोगांची सोंगे, घाणीचा राक्षस म्हणून उभारलेला भलाथोरला रावण आणि त्याच्यामागे प्लेगचा अवाढव्य उंदीर. त्यानंतर जे आले ते इंदुरात यापूर्वी कुणी पाहिले नव्हते. शहरातले सफाई कामगार, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार, हातात नवे झाडू. त्यांच्या कचरागाड्या रंगवलेल्या, बैल सजवलेले. ज्यांची सावली टाळली जाई ती माणसे राजाच्या मिरवणुकीत मानाने चालत होती. गेडीस यांनी त्यांना स्वतः अभिवादन केले. मागून नव्या इंदूरची मूर्ती आली आणि नियोजित घरांचे, बागांचे देखावे आले. शेवटी रावण आणि उंदीर जाळले गेले, आणि तुळशीची व इतर झाडांची रोपे लोकांना वाटली गेली.

रोपांचे हे वाटप केवळ शोभेसाठी नव्हते. १९१८ मध्ये गेडीस यांनी दरबाराला जो दोन खंडी अहवाल दिला त्याचा पायाच बाग हा आहे. मैला आणि कचरा पाण्याबरोबर नदीत सोडून देणारी महागडी गटारे त्यांना मान्य नव्हती. शहरातून निघणारी प्रत्येक सडकी वस्तू मातीत जावी आणि तिथे भाजी, फळे, फुले यावीत, असे त्यांचे सांगणे होते. मराठीत मैल्याच्या खताला ‘सोनखत’ म्हणतातच. गेडीस त्याला शहराच्या आराखड्यात जागा देऊ पाहत होते.

मिरवणुकीचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. दुसऱ्या दिवशी तीच माणसे तोच मैला उचलायला गेली. जातीने लादलेले काम एका दिवसाच्या हाराने सुटत नाही. तरीही १९१७ साली, संस्थानी राज्यात, शहराच्या आरोग्याचे श्रेय उघड रस्त्यावर सफाई कामगारांना देणे ही लहान घटना नव्हती.

गेडीस गेले. काही वर्षांनी आले अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड १९०५ पासून बिहारातल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पीक, माती, कीड, जनावर यांचा अभ्यास वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकण्याच्या पद्धतीला ते कंटाळले होते. सोबत पत्नी गॅब्रिएल, स्वतः पहिल्या प्रतीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून अशा संस्थेचा ध्यास घेतला जिथे पिकाकडे सलग पाहता येईल. १९२४ मध्ये इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला.

काम कापसाचे होते, पण अडचण खताची निघाली. माळव्यातल्या शेतकऱ्याचे बरेचसे शेण गोवऱ्यांत जात असे, कारण चुलीला दुसरे सरपण नव्हते. उरलेले शेण शेताला पुरत नसे. दुसरीकडे पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, तण, उसाचे पाचट यांचे ढीग पडून असत किंवा जाळले जात. त्यांचे खत करावे तर ती काडी वर्षभर कुजत नसे. उत्तर हॉवर्ड यांनी जंगलात शोधले. जंगलाला कोणी खत घालत नाही. तिथे पाने आणि काड्या पडतात, त्यांच्यात प्राण्यांचे मलमूत्र मिसळते, बुरशी आणि जिवाणू त्यांचा फडशा पाडतात आणि काळी, भुसभुशीत, ओल धरणारी माती, म्हणजे ह्यूमस, तयार होते. वनस्पतींचा आणि प्राण्यांचा कचरा एकत्र, हवा आणि ओल सोबत, ही जंगलाची रीत शेतावर नेमाने करायची, एवढेच ठरले. चीनमध्ये शतकानुशतके असे खत होत आले आहे, हेही त्यांनी वाचलेले होते.

इथे यशवंत डी. वाड यांचे नाव घ्यावेच लागते. संस्थेत रसायनशास्त्राची बाजू त्यांच्याकडे होती. कोणत्या काडीत कर्ब किती, नत्र किती, कुजताना नत्र हवेत उडून जातो की टिकतो, हे मोजल्याशिवाय ‘पद्धत’ म्हणता येईल असे काही उभे राहिले नसते. कर्ब आणि नत्राचे प्रमाण सुरुवातीला साधारण ३३ ला १ असावे, हा हिशेब त्याच कामातून आला. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतल्या टाकाऊ मालापासून ह्यूमस करण्यावरचे त्यांचे पुस्तक काढले तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावे होती, हॉवर्ड आणि वाड. पुढे ‘सर’ झालेले हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर पोचले. वाड हे नाव मराठी वाचकालाही सहसा ठाऊक नसते. हा अन्याय आहे.

पद्धत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. पऱ्हाटीसारखा टणक माल आधी रस्त्यावर पसरत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली तो चेचला जाई. मग तो गोठ्यात जनावरांखाली अंथरत, म्हणजे रात्रभरात शेण-मूत त्यात मुरे. गोठ्याची जमीन फरसबंद नव्हती. तिच्यावर सहा इंच माती पसरलेली असे, आणि गोमूत्र प्यालेली ती माती तीन-चार महिन्यांनी काढून खतात घालत. खड्ड्यात हे अंथरूण, त्यावर शेणकाला, मूत्रमाती आणि लाकडाची राख असे थर लागत. भरताना तुडवायचे नाही, कारण हवा कोंडली तर माल कुजण्याऐवजी सडतो आणि घाण वास सुटतो.

थोड्याच दिवसांत ढीग तापतो. आतले तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि त्या उष्णतेत तणाचे बी, रोगजंतू, माशांच्या अळ्या मरतात. आधी बुरशी पसरते, मग जिवाणूंची पाळी. खड्डा भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी असे तीनदा सगळे खालीवर करून पाणी मारायचे. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग लावत. ४० बैलांच्या गोठ्याशेजारी असे ३३ खड्डे होते. अनेक खेड्यांत आजही उकिरडा वर्षानुवर्षे साचतो आणि उन्हापावसाने त्यातला कस निघून जातो. इंदूरच्या गोठ्यातले लोटाभर गोमूत्रही वाया जात नव्हते.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड इंग्लंडला परतले. काम थांबले नाही. वाड यांनी एफ. के. जॅक्सन यांच्यासोबत हीच पद्धत शहराच्या कचऱ्याला आणि मैल्याला लावली आणि १९३४ मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. गेडीस ज्याचे स्वप्न सांगून गेले होते त्याची कृती सोळा वर्षांनी कागदावर आली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले होते; त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये इंदूर पद्धतीची माहिती छापून आली. सफाईचे काम आणि ते करणाऱ्यांचे जिणे या दोन्हींशी खताचा संबंध गांधीजींना लगेच दिसला असणार. नीट कुजवलेल्या मैल्याला वास राहत नाही, आणि त्या कामाची किळसही बरीच ओसरते.

पद्धतीत एक अडचण होती: मजुरी. तीनदा ढीग पालटायला माणसे लागतात. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी ढीग मातीने लिंपून पालटणे टाळले. आणि विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला, नारायण देवताव पांढरीपांडे या गांधीवादी कार्यकर्त्याने जमिनीवर विटांचे टाके बांधले. विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या, म्हणजे हवा आपोआप खेळते आणि पालटावे लागत नाही. टाके सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. पालापाचोळा आणि माती भरपूर, शेण मात्र शंभरेक किलो पुरते. साडेतीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. लोकांनी त्यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून पद्धतीला ‘नाडेप’ म्हटले आणि त्यांना नाडेपकाका. खत करणाऱ्याची कदर याहून थेट कशी होणार? गावोगावचे शेतकरी ‘आमच्याकडे नाडेप आहे’ असे म्हणतात तेव्हा ते एका माणसाचे नाव घेत असतात. मध्य प्रदेशातही नाडेपची टाकी गावोगाव बांधली गेली; विदर्भातून निघालेली ही सुधारणा अशी माळव्यात परत आली.

आजचे इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर राहिलेले शहर म्हणून देशाला ठाऊक आहे. यामागे यंत्रे आहेत, पण आधी घराघरातली सवय आहे. गाडीचे गाणे ऐकू आले की ओले वेगळे, सुके वेगळे घेऊन माणसे दारात येतात. देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवण्याची आहे. त्यातून वाहनांसाठी गॅस आणि खत निघते. आणि ५५० टन ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक नसावे यासाठी जो हात घरी फळाची साल वेगळी ठेवतो आणि जो हात ती गाडीत नीट घेतो, त्या दोघांवर सगळे उभे आहे. १९१७ मध्ये हारांनी झालेला सफाई कामगाराचा सन्मान आता रोज सकाळी कचरा नीट निवडून त्याच्या हाती देण्यात होऊ शकतो. तुटलेली काच बाजूला गुंडाळून दिली तर त्याचा हात कापत नाही. हातमोजे, वेळेवर पगार आणि विमा हाही त्याच सन्मानाचा भाग.

लालबागेसारख्या मोठ्या झाडांच्या आवारात आणि कोणत्याही सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात एक काम त्याहून सोपे आहे: पाचोळा जाळू नये. तो झाडांच्या बुंध्याभोवती, खोडाला अगदी न चिकटवता, पडू द्यावा. त्याखाली गांडुळे आणि किडे येतात, त्यांच्यामागे सातभाई आणि दयाळ येतात. थोडी जागा न कापता, न झाडता ठेवली की बी पडून आपसूक उगवते. शेजाऱ्यांना ती आधी अस्ताव्यस्त वाटते; एखादा उन्हाळा गेला आणि तिथली माती ओली राहिलेली दिसली की तक्रारी कमी होतात. ज्यांना घरचा ओला कचरा जिरवायचा आहे त्यांनी भोके पाडलेल्या डब्यात एक भाग भाजीच्या देठांना दोन-तीन भाग वाळला पाला घ्यावा, अधूनमधून मूठभर जुने खत टाकावे आणि आठवड्याला हलवावे. वास आला तर पाला कमी पडला आहे किंवा पाणी जास्त झाले आहे. वाड यांनी प्रयोगशाळेत मोजलेल्या कर्ब-नत्राच्या प्रमाणामागचे तत्त्व हेच.

हॉवर्ड आणि वाड यांच्या संस्थेच्या जागी आज इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे. शहर चारही बाजूंनी त्याच्याभोवती वाढले, जमिनीचा भाव आभाळाला भिडला. काही वर्षांपूर्वी तिथल्या जमिनीवर दुसऱ्या योजना आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा विद्यार्थी आंदोलनाला बसले. ही प्रयोगाची शेते आहेत, मोकळे भूखंड नव्हेत, असे त्यांचे म्हणणे होते. इंदूर पद्धतीला शंभर वर्षे होत आली आहेत. लालबाग पाहायला येणाऱ्याला तिकडेही घेऊन जावे, खड्ड्यांच्या जागी एक साधी पाटी असावी आणि तिच्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, यशवंत वाड हे नाव असावे.