गुराब

गुराब ही सतराव्या व अठराव्या शतकांत अरबी समुद्रात वापरली जाणारी शिडाची लढाऊ नौका होय. कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या वारसांच्या आरमाराची मुख्य शक्ती गुराबांत होती. उथळ तळ, हलका बांधा आणि समोर मारा करणाऱ्या तोफा यांच्या बळावर गुराबांनी आपल्याहून कितीतरी मोठी युरोपीय जहाजे नमवली. मात्र इ.स. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांच्या गुराबा नांगरलेल्या अवस्थेतच जळून गेल्या. या दोन्ही गोष्टींचे मूळ तिच्या बांधणीत सापडते.

‘गुराब’ हा शब्द कावळा या अर्थाच्या अरबी ‘घुराब’ शब्दावरून आला आहे. इंग्रज तिला ‘ग्रॅब’ म्हणत. हा जहाजप्रकार केवळ मराठ्यांचा नव्हता. मुंबईकर इंग्रजही गुराबा बाळगत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी खांदेरीच्या लढाईत मराठ्यांनी पकडलेली ‘डव्ह’ ही इंग्रजांची गुराबच होती.

रचना

गुराबांचे सर्वांत तपशीलवार समकालीन वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. त्याच्या मते बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या असत व त्यांचा भार १५० टनांपलीकडे जात नसे. तीन डोलकाठ्यांच्या गुराबा सुमारे ३०० टनांच्या असत. लांबीच्या मानाने रुंदी बरीच असल्याने जहाज फार खोल बसत नसे. मध्यापासून पुढे ते निमुळते होत जाई आणि युरोपीय जहाजाच्या फुगीर नाळेऐवजी भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब चोच पुढे आलेली असे.

या चोचीच्या मागे आडवी भिंत असून तिच्या झरोक्यांतून नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट समोर रोखलेल्या असत. दोन्ही बाजूंच्या तोफा त्यापेक्षा हलक्या, म्हणजे सहा ते नऊ पौंडी असत. त्या काळच्या युरोपीय जहाजांचा खरा मारा बाजूंनी होई. शत्रूवर तोफा रोखण्यासाठी त्यांना आडवे वळावे लागे. गुराब मात्र पाठलाग न थांबवता तोफ डागू शके.

लढण्याची पद्धत

गुराब एकटी लढत नसे. तिच्याबरोबर गलबते असत. मोठ्यात मोठे गलबत ७० टनांच्या आसपासचे असून ४० ते ५० वल्ह्यांवर ते ताशी चार मैलांच्या वेगाने जाऊ शके. वारा पडला की हीच गलबते दोर बांधून गुराबांना ओढून नेत. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) गुराबा फार थोर नाहीत आणि फार लहानही नाहीत अशा मध्यम आकाराच्या असाव्यात, वाऱ्यावाचून निकामी होणारी मोठी जहाजे बांधू नयेत, आणि पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, असे सांगितले आहे. कोकण किनाऱ्यावरील वाऱ्याचा लहरीपणा पाहता हा सल्ला अगदी व्यवहारी होता.

आंग्र्यांच्या मोठ्या मोहिमेत आठ-दहा गुराबा व ४०-५० गलबते असत. सावज नजरेस पडताच ती बंदरातून निघत व त्याच्या पिछाडीस गोळा होत, कारण तेथे शत्रूच्या तोफा सर्वांत कमी असत. पहिला मारा डोलकाठ्यांवर केला जाई. मागून पाहताना तिन्ही काठ्या किंचित उघड्या दिसू लागल्या की गोळा सोडीत, म्हणजे तो एकीला ना एकीला लागण्याचा संभव वाढे. जहाज लंगडे झाले की गुराबा जवळ येऊन चहूबाजूंनी मारा करीत. तरीही ते शरण न आल्यास गलबतांतील शेकडो माणसे तलवारी घेऊन एकाच वेळी सर्व बाजूंनी चढत.

संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे जहाज काबीज केले. १७५४ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराने ५०, ३६ व १८ तोफांच्या तीन डच जहाजांवर हल्ला करून पहिली दोन जाळली व तिसरे पकडले.

हलक्या वाऱ्यात पळ काढण्याची तिची क्षमताही मोठी होती. १७५५ मध्ये सुवर्णदुर्गापाशी कमोडोर जेम्सच्या ४४ तोफांच्या ‘प्रोटेक्टर’ने तुळाजींच्या ताफ्याचा पाठलाग केला, तेव्हा खलाशांनी सामान समुद्रात फेकून दिले आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक पकडण्यासाठी कपडे, गोधड्या, सोडलेली पागोटीसुद्धा शिडांसारखी टांगली. ताफा निसटला. जेम्सच्या बरोबर पेशव्यांच्या सात गुराबा व साठ गलबते होती. एरवी ती ‘प्रोटेक्टर’पेक्षा वेगाने चालत, त्या दिवशी मात्र ती मागेच राहिली. ऑर्मने याचे कारण आंग्र्यांची दहशत असे दिले आहे; जहाजांत काही दोष नव्हता.

उणिवा

निमुळती नाळ समोरच्या लाटेत जहाजाला उचलू शकत नसे. त्यामुळे उलट्या समुद्रात गुराब जोराने डुबक्या घेई. चोचीवर येणारे पाणी वाहून जावे म्हणून तिला कठडाच ठेवीत नसत. म्हणजे बांधणाऱ्यांना हा दोष ठाऊक होता आणि वेग व उथळ तळ यांसाठी त्यांनी तो पत्करला होता.

त्याहून गंभीर उणीव तोफांची. हलका बांधा जड तोफांचा भार व धक्का सोसू शकत नसे. त्यामुळे दोन मजली तोफांच्या युद्धनौकेसमोर बाजूला बाजू लावून उभे राहणे गुराबेला अशक्य होते. माणसांनी खचाखच भरलेली गलबतेही जवळून सुटलेल्या छऱ्यांपुढे असहाय होत. म्हणूनच बलाढ्य शत्रू आला की उथळ खाडीत, किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला जाणे हा या आरमाराचा नेहमीचा मार्ग होता. आज्ञापत्रही प्रतिकूल वेळी जहाजे धोक्यात न घालता किल्ल्याच्या आसऱ्यास आणावीत असेच सांगते.

विजयदुर्ग, १७५६

हा मार्ग विजयदुर्गास निरुपयोगी ठरला. वाघोटण खाडीच्या मुखाशी पाणी खोल आहे. १७५५ च्या अखेरीस जेम्सने तेथे पाहणी करून मोठी जहाजे तटाच्या अगदी जवळ जाऊ शकतात, असे कळवले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन ७० तोफांच्या ‘केंट’सह आरमार घेऊन आला, पेशव्यांचे सैन्य जमिनीच्या बाजूने आले होते. तुळाजींचा ताफा तटाला लागून एकत्र उभा होता. १२ फेब्रुवारीस एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ या, पूर्वी कंपनीकडूनच पकडलेल्या, जहाजावर पडून आग लागली. ती एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत गेली व बहुतेक सारे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

या पराभवाचे खापर केवळ गुराबेच्या बांधणीवर फोडता येत नाही. पिछाडी गाठण्यासाठी मोकळा समुद्र आणि लपण्यासाठी उथळ पाणी या दोन्ही गोष्टी त्या दिवशी तिला मिळाल्या नाहीत; त्यातच पेशवे व आंग्रे यांच्या वैरामुळे किनाऱ्यावरील दुसरे मराठी आरमार शत्रूच्या बाजूला होते.

नंतरचा काळ

विजयदुर्ग पुढे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे झाले. खाडीकाठी गिर्ये येथे आरमारी गोदीचे अवशेष आजही आहेत. आनंदराव धुळप यांच्या ताफ्याने एप्रिल १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे एकटे सापडलेले इंग्रजी जहाज कडव्या झुंजीनंतर पकडले. सालबाईचा तह आधीच झालेला असल्याने ते परत करावे लागले.