सर्व्हरचा सातबारा

आमच्या व्यवस्थापन-सॉफ्टवेअरच्या पडद्यावर बंद मशीनपुढे एक राखाडी ठिपका दिसतो. मशीन चाकणच्या कारखान्यातल्या सर्व्हर-खोलीत असो, ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रात असो की मायक्रोसॉफ्टच्या पुण्यातल्या, ठिपका तोच. नव्यानं रुजू झालेल्याला तो पाहून बरं वाटतं. बंद म्हणजे बंद. थोडं मुरलेल्याला त्याच ठिपक्यात तीन निराळ्या गोष्टी दिसू लागतात.

कारखान्यातलं व्हीएमवेअरवरचं आभासी मशीन बंद केलं की त्याची मेमरी शेजारच्या मशीनच्या वाट्याला येते, पण पैसा एकही वाचत नाही. खालचा सर्व्हर आधीच विकत घेतलेला, एसी चालूच. ॲमेझॉनवरचं मशीन बंद केलं की त्याचं तासाचं भाडं थांबतं, जोडलेल्या डिस्कचं मात्र चालू राहतं. शिवाय कायमचा पत्ता घेऊन ठेवला नसेल तर पुन्हा चालू करताना सार्वजनिक आयपी बदललेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मशीनच्या आत लॉगिन करून विंडोजच्या मेनूतून शट डाउन केलं तर मशीन बंद होतं आणि भाडं चालू राहतं. ते थांबवायचं तर बाहेरून, पोर्टलवरून किंवा कमांड देऊन, मशीन ‘डीअलोकेट’ करावं लागतं. मायक्रोसॉफ्टनं हे लपवलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर या दोन अवस्था वेगळ्या नावांनी दिसतात. आमच्या सॉफ्टवेअरनं मात्र दोन्हींना एकाच ठिपक्यात बसवलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी चाचणीची मशीनं ‘बंद करून’ घरी गेलेल्या मुलांनी शनिवार-रविवारचं भाडं इमानेइतबारे भरलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पडद्यावर सगळं राखाडीच होतं.

हायब्रिड क्लाउड म्हणजे काही यंत्रणा स्वतःच्या जागेत, काही भाड्याच्या, आणि दोन्हींमध्ये चालू असलेलं जाणं-येणं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेनं २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात या मिश्र प्रकाराला स्वतंत्र जागा आहे. वाचताना वाटतं की कुणी विचारपूर्वक तो निवडत असेल. आमच्याकडे तो साचत गेला. मायक्रोसॉफ्टची भारतातली केंद्रं २०१५ मध्ये आणि ॲमेझॉनचं मुंबईतलं २०१६ मध्ये सुरू झालं, त्यानंतर वितरकांचं पोर्टल एकीकडे गेलं, अहवाल आणि ई-मेल दुसरीकडे. असेंब्ली लाइनवरच्या यंत्रांशी बोलणारं सॉफ्टवेअर कारखान्यातच राहिलं, कारण रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली म्हणून लाइन थांबवणं कुणालाच परवडत नाही. तीन ठिकाणांचे तीन कन्सोल झाले. मग त्यांच्या डोक्यावर चौथा आला, ‘सगळं एकाच पडद्यावर’ या आश्वासनासह.

माझी तक्रार या आश्वासनाशीच आहे. सगळं एका पडद्यावर आणण्याला हरकत नाही. सगळं सारखं करून दाखवण्याला आहे. जिथे फरक आहे तिथेच आमचं काम असतं, आणि नेमका तोच हे सॉफ्टवेअर पुसून टाकतं.

‘स्नॅपशॉट घ्या’ हे बटण घ्या. ॲमेझॉनवर ते दाबलं तर डिस्कची प्रत वेगळ्या साठ्यात जाते. मूळ डिस्क उद्या उडाली तरी ती प्रत शाबूत राहते. तेच बटण व्हीएमवेअरच्या मशीनवर दाबलं तर मूळ डिस्क तिथल्या तिथे गोठवली जाते आणि यापुढचे बदल शेजारच्या एका फाइलमध्ये साचू लागतात. मूळ डिस्क गेली की ही फाइल निरुपयोगी. ती फुगत जाते, मशीन मंदावतं, म्हणून एकच स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नका असा उत्पादकाचाच सल्ला आहे, आणि याला बॅकअप समजू नका असंही ते बजावतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये धोरण एकदाच लिहायचं आणि सगळीकडे लावायचं अशी सोय होती. ‘रोज स्नॅपशॉट, तीस दिवस ठेवा’ हे धोरण क्लाउडवर शहाणपणाचं, कारखान्यात डेटास्टोअर तुंबवणारं. सॉफ्टवेअरनं हूं की चूं केलं नाही. दोन्हीकडे हिरवी खूण.

त्या राखाडी ठिपक्यावर उपाय मोठा नाही. ‘बंद, भाडं चालू’, ‘बंद, फक्त डिस्कचं भाडं’, ‘बंद, बचत शून्य’ असे तीन शब्दप्रयोग आणि एक ठिपका कमी. ही माहिती मूळ कन्सोलकडून आलेलीच असते. ती गाळण्याचे कष्ट मुद्दाम घेतलेले असतात.

आता आमच्या खऱ्या व्यवस्थापन-सॉफ्टवेअरकडे वळतो. ते एक्सेलमध्ये आहे. सामाईक ड्राइव्हवर पडलेली ती फाइल प्रत्येक शिफ्टच्या हँडओव्हरला उघडली जाते. तिच्यातले रकाने कुणी ठरवून आखले नाहीत, गरजेनुसार वाढत गेले: मशीनचं नाव, मालक, कशासाठी आहे, कुणाच्या सांगण्यावरून उभं केलं, आणि शेवटचा रकाना, ‘बंद केलं तर कुणाचा फोन येईल’. हा शेवटचा रकाना माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही महागड्या कन्सोलमध्ये नाही. रात्री दोन वाजता निर्णय त्याच्याच आधारावर होतो.

शेतजमिनीच्या सातबारा उताऱ्यात सातवा नमुना जमीन कुणाची ते सांगतो आणि बारावा तिच्यात काय पेरलंय ते. ही सॉफ्टवेअरं सगळी बारावा नमुना दाखवतात. किती सीपीयू, किती मेमरी, किती टक्के वापर, रंगीत आलेखासह. सातवा कोराच. फेरफाराची नोंद तर दूरच.

कोरा सातवा महागात कसा पडतो त्याचा एक नमुना. आमच्याकडे वार्षिक मालमोजणीचं एक मशीन आहे. मार्चअखेर ते दिवसरात्र पळतं, एरवी झोपलेलं. सॉफ्टवेअर त्याला दर महिन्याला ‘निष्क्रिय’ ठरवून काढून टाकण्याची शिफारस करतं, वर त्यातून होणाऱ्या बचतीचा आकडाही देतं. अशा शिफारशी बहुधा गेल्या दोन-चार आठवड्यांचा वापर पाहून केल्या जातात. आर्थिक वर्ष नावाची गोष्ट त्या हिशेबात नसते. शिफारस नाकारायची सोय आहे. नाकारण्याचं कारण लिहायची नाही. म्हणून पुढच्या महिन्यात तीच शिफारस पुन्हा हजर, आणि नवा माणूस पुन्हा विचारतो, ‘‘सर, हे काढू का?’’

विक्रेते म्हणतात, मालकी टॅगमध्ये लिहा. लिहितो. पण ॲमेझॉनवर टॅगच्या नावात मोठी-छोटी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणजे कॅपिटल ‘ओ’नं सुरू होणारा ओनर आणि छोट्या ‘ओ’चा ओनर हे दोन स्वतंत्र टॅग. ॲझ्युअरवर टॅगच्या नावात हा भेद नाही, त्यात भरलेल्या मूल्यात आहे. गूगल क्लाउडच्या लेबलांत कॅपिटल अक्षर चालतच नाही. व्हीएमवेअरमध्ये टॅग आधी एखाद्या वर्गवारीत असावा लागतो. चौघांच्या चार रिती, आणि त्या जुळवण्याचं काम ज्यानं करायचं ते सॉफ्टवेअर येतील तसे टॅग एकाखाली एक ओतून मोकळं होतं. अहवालात एकच विभाग तीनदा दिसतो आणि चौथ्या ओळीत सगळ्यांत मोठी रक्कम असते: ‘टॅग नाही’.

खर्चाचा पडदा हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत देखणा पडदा. साहेबलोकांना दाखवला जातो तो हाच. त्यात कारखान्यातल्या मशीनचा खर्च आणि क्लाउडचा खर्च शेजारी शेजारी उभे असतात, आणि अमुक मशीन क्लाउडवर हलवलं तर इतके वाचतील असं लिहिलेलं असतं. हिशेब खात्यातल्या मॅडमनी एकदा शांतपणे विचारलं, ‘‘कारखान्यातला हा ताशी दर कुठून आला?’’ शोध घेतला. सॉफ्टवेअर बसवताना ‘खासगी क्लाउड, प्रति सीपीयू प्रति तास’ अशी एक रिकामी चौकट असते. बसवणाऱ्यानं तिच्यात काहीतरी आकडा टाकून पुढचं बटण दाबलं होतं. विजेचं बिल, परवान्यांचे पैसे, घसारा, रात्रपाळीचा पगार यांपैकी कशाशीच त्याचा संबंध नव्हता. तोवरच्या सगळ्या ‘बचती’ त्या एका चौकटीवर उभ्या होत्या. आकडा चुकला याचं मला फार वाटत नाही. पडद्यावर त्या आकड्याशेजारी ‘हा दर तुम्ही भरलेला आहे, अमुक तारखेला’ एवढी ओळ असती तर मॅडमना विचारावं लागलं नसतं.

मार्चअखेरीचा घोळ निराळाच. क्लाउडचा महिना जागतिक प्रमाणवेळेनं संपतो, म्हणजे आपल्या घड्याळात एक एप्रिलला पहाटे साडेपाचला. नव्या आर्थिक वर्षाचे पहिले साडेपाच तास बिलात जुन्या वर्षात पडतात. रक्कम किरकोळ असते, पण लेखापरीक्षकाला किरकोळ असा शब्द ठाऊक नसतो. बरं, निरनिराळ्या क्लाउडच्या बिलांतले रकाने एका नावाखाली यावेत म्हणून फिनऑप्स फाउंडेशननं ‘फोकस’ नावाचा नमुना तयार केला, त्याची पहिली पक्की आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. ती फार उपयोगाची गोष्ट आहे. सर्व्हर-खोलीच्या एसीचं बिल मात्र त्यात कुणी आपोआप भरून देणार नाही.

यापेक्षा मला अधिक बोचणारी उणीव नोंदींची आहे. कन्सोलमध्ये मी माझ्या नावानं लॉगिन करतो, बटण दाबतो. पण क्लाउडकडे हुकूम जातो तो सॉफ्टवेअरच्या सेवा-खात्याच्या नावानं. क्लाउडच्या लॉगमध्ये तेच नाव उमटतं. आमच्या चमूतल्या कुणीही काहीही केलं तरी तिथे करणारा एकच. खरा माणूस शोधायचा तर सॉफ्टवेअरचा स्वतःचा लॉग उघडून वेळा जुळवायच्या. एकीकडे भारतीय वेळ, दुसरीकडे जागतिक. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस राखावे लागतात. सहा तासांतला बराच वेळ कुणी केलं हे जुळवण्यात जाणार असेल तर कळवायचं काय? हुकमासोबत माणसाचं नाव आणि चेंज-तिकिटाचा क्रमांक पुढे पाठवणं बहुतेक क्लाउडवर एखाद्या टॅगमधून किंवा सत्राच्या नावातून साधता येतं. म्हणजे अडचण तंत्राची नाही. विकत घेणाऱ्यांपैकी कुणी डेमोमध्ये हे मागत नाही, एवढंच.

पडदा किती शिळा आहे हेही तो सांगत नाही. सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी प्रत्येक ठिकाणी ‘काय चाललंय’ असं विचारत फिरतं. फार वेळा विचारलं तर क्लाउड त्याला थोपवतो, कारण विनंत्यांना मर्यादा असते. मग एखादा कोपरा पंधरा मिनिटं जुना, दुसरा ताजा, आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासानं हिरवे. चाकण ते मुंबई ही लिंक तुटली की गंमत पाहावी: पलीकडचं काहीच कळत नसताना सॉफ्टवेअर कधी शेवटचं हिरवं चित्र धरून बसतं, कधी पलीकडच्या प्रत्येक मशीनचा वेगळा अलर्ट पाठवून फोन बधिर करतं. ‘मला पलीकडचं दिसत नाही’ हे तिसरं, खरं उत्तर त्याला सुचत नाही.

२८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-३ या साठवण-सेवेत मोठा बिघाड झाला, तेव्हा जगानं हेच मोठ्या प्रमाणावर पाहिलं. एका कर्मचाऱ्यानं थोडेच सर्व्हर काढण्यासाठी दिलेल्या कमांडमध्ये एक तपशील चुकला आणि हवे त्याहून खूप जास्त सर्व्हर निघाले. सेवा सुरळीत आहे की नाही हे सांगणारा त्यांचा फलक त्याच एस-३ वर अवलंबून असल्यानं सुरुवातीला तो अद्ययावतच करता येईना. नंतर कंपनीनं जे जाहीर केलं त्यातला मला आवडलेला भाग असा: त्यांनी सर्व्हर काढणाऱ्या त्या हत्यारालाच वेसण घातली. ते आता सर्व्हर सावकाश काढतं, आणि किमान गरजेच्या खाली न्यायची वेळ आली तर नकार देतं. आमच्या कन्सोलमध्ये चाळीस मशीनं निवडून एका झटक्यात बंद करता येतात. ‘नक्की?’ असं तो विचारतो, आणि होय म्हणायची सवय सगळ्यांनाच झालेली असते. पाच बंद कर, थांब, वितरक-पोर्टल जिवंत आहे का पाहा, मग पुढची पाच, असं सांगायची जागा मला हवी आहे. आणि कन्सोल स्वतः तिथे नको, जिथली पडझड त्यानं दाखवायची आहे.

सगळ्यात शेवटी या सॉफ्टवेअरांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल. मॅनेजआयक्यू २०१२ मध्ये रेड हॅटकडे गेलं, क्लिकर २०१६ मध्ये सिस्कोकडे, राइटस्केल २०१८ मध्ये फ्लेक्सेराकडे; खुद्द व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमचं झालं आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं. मालक बदलला की भाव, परवाने, कधी उत्पादनच बदलतं. आपण वर्षानुवर्षं लिहिलेली धोरणं, टॅगांची जुळणी, मंजुरीचे टप्पे मात्र त्या सॉफ्टवेअरच्या पोटात, त्याच्याच बोलीत राहतात. म्हणून आम्ही आता खरेदीच्या कागदात एक कलम घालतो: करार संपला की धोरणं, टॅग आणि लॉग, तिन्ही उघड्या फाइलींत, वाचता येतील असे मिळाले पाहिजेत. गेल्या वेळी किंमत एका बैठकीत ठरली. या कलमावर विक्रेत्याचा वकील तीनदा येऊन गेला.