पुरवठादार अडून बसला तर?

मोठी वाहन कंपनी आणि छोटा पुरवठादार. भाव मोठाच पाडून घेणार, असे वाटते. ऑगस्ट २०१६मध्ये जर्मनीत उलटे घडले. रद्द झालेल्या कंत्राटाच्या भरपाईवरून बोस्नियन मालकीच्या प्रिव्हेंट समूहातील दोन कंपन्यांनी फोक्सवॅगनला सीट कव्हर व गिअरबॉक्सचे भाग देणे थांबवले. ‘गोल्फ’चे उत्पादन रखडले, सुमारे २८ हजार कामगारांना फटका बसला.

दुसरा पुरवठादार का नाही? मोठी ऑर्डर दिली की दर उतरतो, म्हणून एक भाग बहुधा एकाच कंपनीकडून घेतात. वर दरवर्षी आणखी कपात मागतात. पण पुरवठादार बदलायचा तर साचे, नमुने, चाचण्या यांत महिने जातात; साठा मात्र जेमतेम काही दिवसांचा. अखेर रात्रभर चर्चा होऊन तडजोड झाली. २०१८मध्ये फोक्सवॅगनने या समूहाची कंत्राटे संपवली.