हृदयलेखाची दहा मिनिटे

छातीत कळ येऊन रुग्ण इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आला, की १० मिनिटांच्या आत त्याचा हृदयलेख, म्हणजेच ईसीजी, डॉक्टरांपुढे आला पाहिजे, असा दंडक आहे. हे काम तंत्रज्ञाचे. हातापायांवर ४ व छातीवर ६ तारा तो जोडतो. छातीवरील जागा फासळ्या चाचपूनच ठरवाव्या लागतात. रुग्ण थरथरला तर रेषा बिघडते. म्हणून त्यास धीर देणे हाही कामाचाच भाग होय. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तर निरोगी हृदयही रोगी भासू शकते. यास्तव कागद डॉक्टरांच्या हाती देण्यापूर्वी कसलेला तंत्रज्ञ तारा पुन्हा एकवार न्याहाळतो. कारण पुढील उपचारांची दिशा त्या कागदावरून ठरावयाची असते.