क्रँक बसली म्हणजे जुळली असे नव्हे

तुमच्या विहिरीवरच्या खोपीत एखादे जुने डिझेल इंजिन नक्कीच असेल. विजेची मोटर आली, अलीकडे सौर पंपही आले, तरी ते इंजिन मोडीत घालायला मन धजत नाही. आणि ते बरोबरच आहे. ऐन उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळतो, ऊस माना टाकू लागतो, तेव्हा हेच जुने धूड उपयोगाला येते. पण एक दिवस ते ठोकायला लागते. मिस्त्री येतो, झाकण उघडतो आणि म्हणतो, "क्रँक गेली बघा. भंगारबाजारात दुसरी मिळंल, बसवून देतो." पुष्कळदा शेतकऱ्याचे पैसे आणि पाण्याची पाळी नेमकी इथेच बुडते. म्हणून जुन्या इंजिनाला दुसरी क्रँक घालताना, किंवा अख्खे इंजिनच बदलताना, काय काय पाहून घ्यावे याची माहिती आज घेऊ.

नाव तेच, माल वेगळा

आपल्या भागाला इंजिनाचे नवल नाही. लोखंडी नांगर करणारा किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला. साताऱ्याच्या कूपरची इंजिने जुन्या मंडळींना चांगली आठवत असतील. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. इंग्लंडातील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीची दोन मोठ्या चाकांची, संथ चालीची इंजिनेही आपल्याकडे आली आणि पुढे राजकोटला त्याच धर्तीची इंजिने तयार होऊ लागली. त्यामुळे आज गावोगावी जी जुनी इंजिने दिसतात, त्यांत अस्सल, त्या धर्तीची आणि चार इंजिनांचे भाग घालून जमवलेली, अशी सगळी सरमिसळ झालेली आहे. वरची पाटी एका कंपनीची आणि पोटातला माल भलत्याचाच, हा अनुभव दुर्मीळ नाही.

"सहाचं इंजिन आहे, सहाची क्रँक द्या," असे आपण दुकानात सांगतो. पण नुसत्या अश्वशक्तीवरून क्रँक ठरत नाही. जुने लिस्टर सहा अश्वशक्ती देते ते मिनिटाला ६५० फेऱ्यांवर. नव्या चालीची बरीच इंजिने १५०० फेऱ्यांवर चालतात. ताकद तेवढीच असली तरी ६५० फेऱ्यांच्या क्रँकला १५०० वाल्यापेक्षा दुपटीहून जास्त पीळ सोसावा लागतो.

आता उलटे उदाहरण घ्या. किर्लोस्करचे ए.व्ही.१ हे पाच अश्वशक्तीचे इंजिन आणि टी.व्ही.१ हे सात अश्वशक्तीचे. दोन्ही १५०० फेऱ्यांची, दोन्हींचा स्ट्रोक ११० मिलिमीटर. म्हणजे क्रँकची फेक दोन्हींत ५५ मिलिमीटर, अगदी सारखी. कोणालाही वाटेल, चला, याची क्रँक त्याला चालली! पण पहिल्याचा बोअर ८० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ८७.५ मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने पिस्टनच्या डोक्याचे क्षेत्रफळ सुमारे २० टक्क्यांनी वाढते आणि तितक्याच दाबाला क्रँकपिनवर बसणारा तडाखाही तेवढाच वाढतो. शिवाय पिस्टनचे वजन बदलले की तोलाच्या वजनाचे गणितही बदलते. म्हणून फेक जुळली की काम झाले असे मानू नका. पार्ट नंबर पाहा, आणि पाटी पुसली असेल तर मापे घ्या.

आधी मापे, मग पैसे

जुनी क्रँक विकत घेताना मायक्रोमीटर असलेला फिटर किंवा लेथवाला बरोबर न्या. डोळ्यांनी गुळगुळीत दिसणारी पिन मापाला गोल असेलच असे नाही. इंजिनात स्फोटाचा मार पिनच्या एकाच बाजूला जास्त बसतो, त्यामुळे ती लंबगोल झिजते. पिनच्या दोन टोकांना आणि प्रत्येक टोकाला आडवे-उभे, असे चार ठिकाणी माप घ्यावे. चारही मापे एक आली तरच पिन चांगली. दोन टोकांच्या मापांत फरक असेल तर ती निमुळती झाली, आडव्या-उभ्यात फरक असेल तर लंबगोल झाली.

दुसरे पाहायचे ते तडे. यासाठी एक जुनी आणि सोपी युक्ती आहे. क्रँक दोराने टांगा आणि लहान हातोडीने हलके ठोका. घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर बरे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर ती घेऊच नका. खात्रीसाठी क्रँक रॉकेलने भिजवा, कोरडी पुसा आणि वर खडूची पूड लावा. तडा असेल तर त्यातले रॉकेल पाझरते आणि खडूवर काळपट रेघ उमटते. पिन जिथे आडव्या पाटाला मिळते तो कोपरा खास तपासा. तिथे मुळात गोलाई ठेवलेली असते. क्रँक घासताना कोणी ती गोलाई मोडून कोपरा धारदार केला असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो आणि एक दिवस क्रँक चालता चालता मोडते.

तिसरी गोष्ट बेअरिंगची. घासलेल्या क्रँकला 'दहा', 'वीस', 'तीस', 'चाळीस' असे म्हणतात, ते तुम्ही ऐकले असेल. इंचाच्या हजाराव्या भागाचा तो हिशेब आहे. दहा म्हणजे पाव मिलिमीटर, वीस म्हणजे अर्धा, तीस म्हणजे पाऊण आणि चाळीस म्हणजे एक मिलिमीटर. क्रँक वीसने घासली असेल तर बेअरिंगही वीसचेच हवे. दहाचे घातले तर ढिले राहून ठोकेल, तीसचे घातले तर आवळून जाम होईल. यात शहाणपण असे, की बाजारात कोणत्या मापाचे बेअरिंग मिळते ते आधी पाहा, बेअरिंग हातात घ्या आणि मगच क्रँक घासायला टाका. पुष्कळ जण उलटे करतात. क्रँक घासून तयार होते आणि त्या मापाचे बेअरिंग कुठेच मिळत नाही!

पिन आणि बेअरिंग यांच्यात तेलाला जागा लागते. ठोकताळा असा, की पिनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी सट हवी. पन्नास मिलिमीटरच्या पिनला पाच शतांश मिलिमीटरच्या आसपास. कंपनीचे पुस्तक असेल तर त्यातलाच आकडा खरा मानावा. बेअरिंग ढिले आहे म्हणून कनेक्टिंग रॉडची टोपी कानशीने घासून "टाइट करून देतो" म्हणणारे काही मिस्त्री भेटतात. त्यांना हात जोडा. टोपी घासली की भोक गोल राहत नाही आणि नवे बेअरिंगही टिकत नाही. रॉड आणि त्याची टोपी ही जन्माची जोडी असते. दोन्हींवर नंबर मारलेले असतात. एकाची टोपी दुसऱ्याला, किंवा तीच टोपी उलटी, असे कधीही होऊ देऊ नका.

ठोका नेमका कुठला?

क्रँक बदलायच्या आधी एवढे मात्र करा. फ्लायव्हीलची चावी तपासा. चावी ढिली झाली की चाक शाफ्टवर किंचित खेळते आणि थेट बेअरिंग गेल्यासारखा ठोका येतो. इंजिन बंद ठेवून चाक थोडे पुढे-मागे हलवा. चाक हलते आणि शाफ्ट हलत नाही, तर दोष चावीचा आहे. अशा वेळी क्रँक काढली तर सगळा खर्च वाया आणि ठोका जिथल्या तिथे!

दुसरी क्रँक किंवा रॉड बसवल्यावर पिस्टन हेडला लागत नाही ना, हेही पाहावे लागते. पिस्टनवर शिशाच्या किंवा सोल्डरच्या तारेचा तुकडा ठेवून हेड आवळतात, चाक हाताने एक फेरा फिरवतात आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजतात. तेवढी पिस्टनच्या वरची मोकळी जागा. तारेला पाच रुपये लागत नाहीत, पण पिस्टन, हेड आणि रॉड तिन्ही वाचतात.

क्रँकवरच्या गिअरचे दातही मोजून घ्या. चार स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरच्या बरोबर दुप्पट दात असतात. दोन्हींवरच्या खुणा समोरासमोर आल्याशिवाय झाकण लावू देऊ नका. ज्या इंजिनात तेल उडवून वंगण होते, त्यात रॉडच्या टोपीखाली तेल उपसणारी पट्टी असते. दुसरा रॉड घातला आणि पट्टी आखूड निघाली, तर टाकीत तेल भरलेले असूनही बेअरिंग कोरडे जळते.

अख्खे इंजिनच बदलताना

काही वेळा जुन्याच्या नादी लागण्यापेक्षा दुसरे इंजिन बसवणे परवडते. पण त्या वेळी पुलीचे गणित विसरू नका. समजा, तुमच्या ६५० फेऱ्यांच्या इंजिनाला १८ इंची पुली आहे आणि पंपाला ८ इंची. मग पंप सुमारे १४६० फेरे घेतो, ठीक आहे. आता त्याच जागी १५०० फेऱ्यांचे इंजिन आणून जुनीच पुली चढवली, तर पंपाचे फेरे होतात ३३७५. पंपाचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते. वरच्या उदाहरणात ती बारापट होते. इंजिन तेवढी देऊच शकत नाही; ते धूर ओकत दबते आणि आपण म्हणतो, "इंजिनात दम नाही." दम असतो हो, पुली चुकलेली असते.

इंजिन कोणत्या बाजूला फिरते तेही पाहा. पंप उलटा फिरला तर पाणी नीट उचलत नाही. चपटा पट्टा असेल तर तो आठाच्या आकड्यासारखा फुली मारून टाकला की दिशा बदलते. पॉवर टिलरचे इंजिन बदलताना नटबोल्टाची भोके, पट्ट्याची सरळ रेषा आणि इंजिनाचे वजन या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. पुढचे वजन बदलले की टिलरचा तोल हातात जाणवतो. ट्रॅक्टरचे इंजिन बदलणार असाल तर आर.सी. बुकात इंजिन नंबर असतो हे लक्षात ठेवा. आरटीओकडे विचारून आधी कागद सरळ करा, नाहीतर अपघात झाल्यावर विम्याच्या वेळी पंचाईत होते.

जिवापेक्षा पाणी मोठे नाही

सगळ्यात महत्त्वाचे ते शेवटी. संथ इंजिनाचे बिडाचे मोठे चाक वेगाच्या इंजिनाला कधीही लावू नका. वेग दुप्पट झाला की चाकाच्या पोटातला ताण चौपट होतो. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे खोपीची भिंत फोडून जातात.

जोडलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करताना गव्हर्नरची स्प्रिंग त्याच इंजिनाची आहे ना, हे पाहा. वेग आवरेनासा झाला तर हवेचे तोंड बंद करायला एक सपाट फळी हाताशी ठेवा. हवा तुटली की इंजिन थांबते. तिथे नुसता तळहात लावू नका. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका आला तरी मनगट वाचते. मफलर, धोतराचा सोगा, साडीचा पदर पट्ट्यापासून दूर असू द्या आणि पोरांना खोपीत उभे करू नका.

आणि एक काम आजच करा. इंजिनाचा नंबर, फेरे, पिनचे माप, बेअरिंगचे माप आणि दोन्ही पुलींचे व्यास वहीत लिहून ठेवा. खोपीच्या भिंतीवर रंगाने लिहिले तरी चालेल. पुढच्या वेळी मिस्त्री "बसतंय की!" म्हणाला, की त्याला ते आकडे दाखवा आणि जुळते का तेवढे विचारा.